सीट धरली, निरोप आला नाही

चाचांच्या काउंटरवर चहा नको म्हणायची सोय नव्हती. तिकीट काढायला आलेला माणूस आधी बसणार, कुठला, कुणाचा हे सांगणार, चहा घेणार, आणि मग त्याला सीट मिळणार. एखादा घाईतला म्हणायचा, "चाचा, राहू द्या ओ. उद्या घेतो."

"उद्या तुमी पुण्यात. तिथं कोण इचारतंय तुमाला?" असं म्हणून चाचा दारातून हात वर करायचे आणि समोरच्या गाड्यावरून कप यायचे.

कोल्हापुरात स्टँडजवळ एका खासगी ट्रॅव्हल्सचं हे बुकिंग ऑफिस. पुढे काउंटर, मागे पडद्याआड मालकाचं टेबल. मालक गडहिंग्लजकडचे. त्यांना सगळे आण्णा म्हणत. एका जुन्या गाडीवर धंदा सुरू केला तेव्हा आण्णा स्टिअरिंगवर आणि चाचा दारात उभे, अशी सुरुवात होती. पुढे गाड्या वाढल्या, आण्णा मागच्या टेबलावर गेले आणि चाचा काउंटरवर आले.

माझी त्यांची ओळख नव्वदच्या दशकातली. लग्न झालेलं होतं, मुलगी लहान होती, आणि मला संगणकाचा कोर्स करायचा होता. मला हवा तो कोर्स पुण्यात, तोही शनिवार-रविवार. घरात यावर बरीच चर्चा झाली. शेवटी सासरे म्हणाले, "जाऊ दे तिला. पोरीला आम्ही बघतो." सासूबाईंनी एकच अट घातली. पोचल्याचं कळलं पाहिजे.

ही अट मी चाचांना सांगितली. त्यांनी ती माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतली. शुक्रवारी रात्रीच्या गाडीला मला पुढची सीट आणि शेजारी बाईमाणूस, हे कधी मागावं लागलं नाही. सकाळी गाडी पुण्यात लागली की ड्रायव्हरने तिथल्या ऑफिसातून चाचांना फोन करायचा आणि चाचांनी आमच्या घरी. "पोचल्या ओ ताई," एवढंच सांगून फोन ठेवायचे. पुढे पुढे सासूबाई चाचांचा आवाज ऐकल्याशिवाय चहाचं आधण ठेवत नसत.

एका शनिवारी तो फोन आलाच नाही. पुण्याच्या ऑफिसातला फोन बंद पडला होता, बाकी काही नाही. मी वेळेवर पोचले होते आणि वर्गात बसले होते. घरी मात्र सासूबाईंनी गाडी घाटात कोसळल्याचं मनाशी पक्कं केलं. सासऱ्यांनी छत्री घेतली आणि मिळाली ती एसटी पकडली. संध्याकाळी वर्ग सुटला तर हे गेटाशी उभे.

"पोचलीस होय?" ते म्हणाले.

"सकाळीच पोचले."

"मग फोन का नाही?"

मला काय माहीत! बरं, परत जायला त्या रात्रीच्या गाडीत जागा नव्हती. मग मामंजी माझ्या मैत्रिणीच्या भावाकडे राहिले, आणि रविवारी आम्ही दोघं एकाच गाडीने परत आलो. चाचांनी त्यांना खाली उतरू दिलं न दिलं तोच खुर्चीत बसवलं. "साहेब, गाडी पोचली, निरोप न्हाय पोचला. कसूर माझी."

मामंजी रागावणारे नव्हतेच. ते म्हणाले, "अहो, पण आम्ही समजायचं काय?"

त्यानंतर चाचांनी पद्धत बदलली. सकाळी ड्रायव्हरचा फोन आला नाही तर ते आधी आमच्या घरी कळवायचे, "अजून काय कळलं न्हाय. म्हंजे पोचल्या न्हाईत असं न्हाय. मी इचारतोय, तुमी घर सोडू नका." मग पुण्याच्या ऑफिसशेजारच्या दुकानात फोन करून ते पत्ता लावत. सासऱ्यांना पुन्हा कधी छत्री घ्यावी लागली नाही. कोर्स पूर्ण झाला, मला नोकरी लागली. त्या कोर्समध्ये शिकवलेलं पुष्कळसं दोन-चार वर्षांत जुनं झालं. चाचांचं वाक्य मात्र मी अजून वापरते. कसं ते सांगते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी राजारामपुरीत एका लहानशा सॉफ्टवेअर ऑफिसात काम करत होते. आम्ही वेबसाइट बनवत होतो. आण्णांना वेबसाइट हवी होती, कारण मुंबईच्या ट्रॅव्हल्सवाल्यांकडे ती होती. घरबसल्या सीट धरायची आणि पैसे काउंटरवर द्यायचे, एवढीच मागणी. सीटचा तक्ता चाचांच्या काउंटरवरच्या संगणकात होता. तो प्रोग्रॅम एका मुलाने पूर्वी करून दिला होता आणि तो मुलगा बंगळूरला निघून गेला होता. आमची वेबसाइट दुसरीकडे, भाड्याच्या सर्व्हरवर. ग्राहकाने सात नंबरची सीट निवडली की आमचा कोड इंटरनेटवरून चाचांच्या संगणकाला विचारणार, "सात रिकामी आहे का? असली तर या नावावर धर." तिकडून उत्तर येणार, ते ग्राहकाला दिसणार.

तो कोड आम्ही जावास्क्रिप्टमध्ये लिहिला होता. जावास्क्रिप्ट म्हटलं की तेव्हा लोकांना पानावर सरकणारी अक्षरं आठवायची. ती सर्व्हरवरही चालते हे सांगितलं तर संगणकवालेही भुवया उंचवायचे. चालत होती, आणि बरी चालत होती. फक्त मधूनच एखाद्या ग्राहकाला उत्तर यायचं, "विनंती अयशस्वी. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

साइट सुरू होऊन एक हंगाम झाला नसेल तेव्हा आण्णांनी मला बोलावलं. मला वाटलं, साइटची तक्रार असणार. मी तयारीनेच गेले.

"तुमची वेबसाइट ठीकच हाय ओ मॅडम," आण्णा म्हणाले. "माणूस बिघडलाय आमचा."

पडद्याच्या पलीकडे चाचा बसले होते. आण्णांचा आवाज पडद्याने अडण्यातला नव्हता, आणि त्यांना तो अडवायचाही नव्हता.

"गाडी निघती तवा चार-पाच शिटा रिकाम्या. तक्त्यात बघावं तर भरलेल्या. नावं हायत, माणसं न्हाईत. आणि हितं लोक परत चाललेत, जागा न्हाय म्हणून. कोण धरतंय त्या शिटा?"

"तुम्हाला कोण वाटतं?"

"काउंटरला दुसरं कोण बसतंय? आपल्या पावण्यांसाठी धरून ठेवायच्या. पावणा आला तर आला, न्हाय तर गेली शीट रिकामी. दिवाळीपतुर बघणार मी. मग भाचा बसंल माझा काउंटरला."

चाचा चहा घेऊन आत आले. तीन कप होते. एक त्यांनी माझ्यापुढे ठेवला, एक आण्णांपुढे.

"मला नको," आण्णा म्हणाले.

चाचांनी कप उचलला नाही. तिथेच ठेवला आणि बाहेर गेले. मी निघेपर्यंत त्यावर साय धरली होती.

बाहेर काउंटरशी मी थांबले. चाचांनी विचारलं, "ताई, तुमालाबी तसंच वाटतंय काय?"

"मला काही वाटत नाही चाचा. मी बघते."

"बघा. पर दिवाळीच्या आत बघा."

मी ऑफिसात येऊन आमचा कोड उघडला. त्यात एक आळशीपणा होता, बहुतेक कोडमध्ये असतो. काहीही बिनसलं तरी ते एकाच टोपलीत टाकायचं आणि एकच वाक्य दाखवायचं, "अयशस्वी." का अयशस्वी, ते कुठेच नोंदलेलं नव्हतं. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं नाही" म्हणण्यासारखं. पत्ताच सापडला नाही, की दार बंद होतं? दार उघडलं पण आतून कुणी बोललंच नाही? की बोललं आणि ते आपल्याला कळलं नाही? प्रत्येकाचा इलाज वेगळा. मी ती टोपली मोडली आणि प्रत्येक प्रकार वेगळा नोंदवायला लावला.

आठवडाभराने चित्र स्पष्ट झालं. पत्ता सापडत होता. दारही लगेच उघडत होतं. आतून उत्तर येत नव्हतं. आमचा कोड अर्धा मिनिट वाट बघायचा, कंटाळायचा, पुन्हा एकदा विचारायचा, पुन्हा अर्धा मिनिट थांबायचा आणि ग्राहकाला "अयशस्वी" सांगून मोकळा व्हायचा.

म्हणजे तार शाबूत होती. तरी मी आधी आण्णांच्या ऑफिसला इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्यालाच धरलं, कारण त्याला धरणं सोपं होतं. त्यातून सोमवारी एकही विनंती अडकत नव्हती. कोल्हापुरात सोमवारी दुकानं, कारखाने बंद. मी म्हटलं, सोमवारी इंटरनेट वापरणारे कमी, म्हणून लाइन मोकळी. केबलवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, सोमवारी सगळे घरात असत्यात. त्या दिवशी माझी लाइन सगळ्यात जाम असती."

तो तर्क तिथेच संपला. माझ्या टेबलावरून मी तीच विनंती कितीदा तरी पाठवली, दर वेळी उत्तर चुटकीसरशी आलं. बिघाड मला बघून लपत होता. अशा वेळी टेबल सोडावं लागतं. शुक्रवारी दुपारी मी सरळ आण्णांच्या ऑफिसात जाऊन बसले. मागच्या टेबलावरच्या संगणकावर आमची साइट उघडली, एका रिकाम्या गाडीची एकेक सीट धरायची आणि सोडायची, असा उद्योग सुरू केला. पडदा बाजूला केला होता, काउंटर समोर दिसत होता.

सगळं सुरळीत चाललं होतं. थोड्या वेळाने चाचा उठले. शुक्रवारची नमाज. "आण्णा, जरा बसतोस काय काउंटरला?"

आण्णा उठले आणि खुर्चीत जाऊन बसले. त्या दिवसांत दोघांचं बोलणं एवढंच उरलं होतं.

चाचा गेले आणि पिशवी घेतलेला एक माणूस आत आला. "पुण्याला एक शीट पायजे."

"बसा की पावणं," आण्णा म्हणाले. त्यांनी सीटचा तक्ता उघडला. "कुठनं आलासा?"

"बिद्रीचा."

"बिद्रीचं? मग आमच्या मेव्हण्याला वळखत असशीला. कारखान्यात हाय की त्यो, उसाच्या वजनकाट्यावर."

"काट्यावरचं? उंच, चष्मा हाय त्ये?"

"त्येच! अवो मग तुमी घरचंच की!" आण्णांचा हात आपसूक दाराबाहेर वर गेला. "दोन च्या आण रं!"

मी सात नंबरची सीट धरायला पाठवली. उत्तर आलं नाही. संगणकाच्या पडद्यावर तो थांबा म्हणणारा चक्राकार ठिपका फिरत राहिला. मी मान वर केली. चहा आला होता. आण्णा बशीत ओतून फुंकर घालत होते, पाहुणा यंदाच्या उसाचं सांगत होता, आणि त्यांच्या मधोमध, संगणकावर, सीटचा तक्ता उघडाच होता.

ठिपका थांबला. "विनंती अयशस्वी."

"आण्णा," मी म्हटलं, "तो तक्ता बंद करा जरा."

"थांबा की मॅडम. पावण्यांचा च्या तरी हू दे."

"चहा होऊ दे. तक्ता बंद करा."

त्यांनी कुरकुरत पाहुण्याची सीट नोंदवली आणि तक्ता मिटला. मी म्हटलं, आता पुन्हा उघडा आणि माझ्या त्या रिकाम्या गाडीत सात नंबर कुणाच्या नावावर आहे ते वाचा.

आण्णांनी वाचलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तुमचं नाव हाय."

"आणि मला इथे काय दाखवतंय, या बघायला."

ते उठून आले. माझ्या पडद्यावर लिहिलेलं होतं, विनंती अयशस्वी. त्यांनी ते वाचलं, पुन्हा जाऊन तक्ता बघितला, पुन्हा आले. पाहुणाही कप हातात घेऊन मागोमाग फिरत होता.

मी समजावलं. काउंटरवर तक्ता उघडला की तो प्रोग्रॅम त्याला आतून कडी घालत होता, दोघांनी एकदम लिहू नये म्हणून. तक्ता मिटेपर्यंत बाहेरच्या सगळ्या विनंत्या दारात उभ्या. तिकीट भराभर दिलं तर कुणाला कळतही नव्हतं. पण चहा म्हटला की कडी दहा-पंधरा मिनिटं घातलेली. तोवर आमची साइट कंटाळून "अयशस्वी" म्हणायची. ग्राहक ऑफिसात फोन लावायचा, आणि त्याला काउंटरवरून दुसरी सीट मिळायची. इकडे कडी निघाली की दारात उभी असलेली पहिली विनंती आत शिरून सात नंबर धरून टाकायची. तिचं उत्तर ऐकायला कुणी उरलेलंच नसायचं. एका माणसाच्या दोन सीट. आणि तक्त्यात नुसतं आडनाव असायचं, आमच्याकडे एका आडनावाची चार माणसं एका गाडीत असायचीच, त्यामुळे तक्ता बघून शंका येण्याचं कारण नव्हतं. सोमवारचंही कोडं सुटलं. सोमवारी समोरचा चहाचा गाडा बंद असायचा.

"सीट धरली गेली होती आण्णा, निरोप पोचला नव्हता," मी म्हटलं. हे वाक्य तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ते माझं नाही.

 पाहुण्याने विचारलं, "म्हंजे माझी शीट हाय का न्हाय?"

"हाय ओ पावणं. तुमची पक्की हाय."

तेवढ्यात चाचा परत आले. दारात थांबून त्यांनी आमच्या तिघांकडे बघितलं. काहीतरी झालंय एवढं त्यांना कळलं असावं. टोपी खिशात ठेवत ते काउंटरकडे वळले.

"चाचा," आण्णा म्हणाले.

"काय?"

"एक च्या सांग मला."

चाचा हलले नाहीत. "आत्ता पेलास की. कप हाय समोर."

"त्यो पावण्यांबरोबर पेलो. तुझ्याबरोबरचा सांग."

चाचांनी दाराबाहेर हात वर केला. तेवढ्यावरच त्यांचं मिटलं. मी एवढ्या वर्षांत पुष्कळ माफ्या ऐकल्या, इतकी कमी शब्दांची दुसरी ऐकली नाही.

नंतर चाचांना सगळं सांगितलं तेव्हा ते घाबरले. "म्हंजे माझ्या च्यामुळं झालं व्हय हे? बंद करतो मग."

"च्या बंद केलास तर गाडीत बसणार कोण?" आण्णा ओरडले. "मॅडम, कडी काढा त्या मशीनची."

कडी मी काढली. बंगळूरच्या मुलाने जाताना कोडची सीडी ठेवली होती, हे त्याचे उपकार. तक्ता उघडला की नव्हे, नोंदवायचं बटण दाबलं की तेवढ्यापुरतीच कडी लागेल, असं केलं. आमच्या बाजूला प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक दिला. तीच विनंती दुसऱ्यांदा गेली तर तिकडचा संगणक ओळखणार, ही तीच, हिला सीट दिलेली आहे, आणि तेच उत्तर पुन्हा देणार. सासरे पुण्याला निघण्याआधी कुणीतरी सांगावं, "अहो, ती पोचलीय," तसं.

मग राहिलं ते वाक्य. इंटरनेट आहे, कधी ना कधी उत्तर हरवणारच. आमच्या ऑफिसातल्या मुलांना "विनंती अयशस्वी" ठीक वाटत होतं. मला ते खोटं वाटत होतं. अयशस्वी झाली हे आपल्याला ठाऊक कुठे असतं? ठाऊक एवढंच, की उत्तर आलेलं नाही. मी ते खोडलं आणि लिहिलं, "अजून कळलेलं नाही. तुमची सीट धरली गेली असेल. पुन्हा धरू नका, ऑफिसात विचारा." खाली काउंटरचा फोन नंबर दिला.

त्यानंतर मी बऱ्याच भाषांत, बऱ्याच सर्व्हरवर काम केलं. दशकाच्या शेवटी सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टचा नवा अवतार आला आणि हाताखालची मुलं तो नव्याने शोध लागल्यासारखा सांगू लागली. अडकलेली विनंती घेऊन ती माझ्याकडे आली की मी अजूनही आधी तेच विचारते. नकार आला, की उत्तर आलं नाही? बहुतेकांनी तेवढं बघितलेलं नसतं. हे मला कोर्समध्ये कुणी शिकवलं नाही. माझ्या सासूबाईंना घाबरवायचं नाही म्हणून एका बुकिंग क्लार्कने जी काळजी घेतली, त्यातून ते मला मिळालं. पुण्याचा तो कोर्सही त्यांनीच धरलेल्या पुढच्या सीटवर बसून झाला. मी हिशेब ठेवणारी बाई आहे, पण हा हिशेब मला कधी फिटेल असं वाटलं नाही. फेडावा असंही वाटलं नाही.

दिवाळी आली आणि गेली. आण्णांच्या भाच्याने पेठेत मोबाइलचं दुकान टाकलं. चाचा काउंटरवरच राहिले. साइटवरच्या त्या नव्या वाक्यामुळे त्यांचा फोन आता जास्त वाजायचा. दिवाळीनंतर मी एकदा काही कामाने गेले होते. त्यांनी मला खुर्ची दाखवली, दाराबाहेर हात वर केला आणि वाजणारा फोन उचलला.

"व्हय, बोला. काय म्हणतंय मशीन? कळलं न्हाय? थांबा, मी बघतो." तक्ता उघडला, बोट फिरवलं. "हाय की. सात नंबर, तुमच्याच नावावर. पुन्यांदा धरू नका. आणि गाडीच्या जरा आधी या, च्या घेऊन जावा."

फोन ठेवला आणि तक्ता मिटला. कडी काढून महिने झाले होते, तरी चहा यायच्या आधी तक्ता मिटायची सवय त्यांनी तेव्हापासून लावून घेतली होती. मग माझ्यापुढे कप सरकवला.